भूमीचे दप्तर : लेखांक सातवा – मक्त्याचे उत्खनन आणि व्यवसायाचे दंडक

मागील लेखांकात जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट आणि नायकुंड येथील शिलावर्तुळांच्या पोटात काय सापडले ह्याचा परामर्श घेतला. आता ते शोधून काढणारी माणसे कोणत्या परिस्थितीत राबतात, त्यांच्या कामाची पारख कोण करतो, आणि ज्या देशांत हे काम मक्त्याने चालते त्यांच्याकडून आपण काय घ्यावे व काय टाळावे, ह्या काहीशा कोरड्या, परंतु अधिक निकडीच्या प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. नागपूरकरांस तो परका वाटण्याचे कारण नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची एक उत्खनन शाखा आणि प्रागितिहास शाखा ह्याच शहरात आहेत; विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागही येथलाच. नागपूरच्या मातीत ह्या विद्येसाठी एक विद्वान खर्ची पडला आहे. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी पंडित टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतत असताना १८६३ च्या सप्टेंबरात फुगलेल्या ओढ्यात बुडून मरण पावले. त्यांचे वन्य जमातींविषयीचे कागद मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ साली छापून काढले म्हणून ते जगास मिळाले. जे कागदावर उतरलेच नव्हते, ते त्यांच्याबरोबर गेले.

विदर्भातील उत्खननाचा मोसम पावसाळा सरून जमीन वाळली म्हणजे सुरू होतो आणि उन्हाचा तडाखा असह्य झाला म्हणजे आटोपतो. कापसाची वेचणीही ह्याच दिवसांतली असल्यामुळे मजूर मिळविताना उत्खननप्रमुखाची गाठ प्रथम शेतमालकाशी पडते. तंबू पडतात, खोली मोजण्याचा आधारबिंदू पक्का होतो, दोऱ्या ताणल्या जातात. वसतीचे टेकाड असेल तर चौकोन आखावयाचे, आणि शिलावर्तुळ असेल तर त्याचे चार पाद करून समोरासमोरचे दोन आधी खणावयाचे व मधल्या न खणलेल्या भिंती थरांची साक्ष म्हणून उभ्या ठेवावयाच्या, ही शिस्त मॉर्टिमर व्हीलर ह्यांनी १९४४ साली तक्षशिलेच्या प्रशिक्षणवर्गात भारतीय तरुणांच्या अंगी बाणविली आणि १९४७ साली ब्रह्मगिरी येथे महापाषाणीय दफनांवर प्रत्यक्ष चालवून दाखविली. टिकाव कोठे थांबवून खुरपे हाती घ्यावयाचे, हे ग्रंथ वाचून आलेल्या पदवीधराच्या आधी कित्येकदा रोजंदारीवरच्या जुन्या मजुरास कळते. त्यातून आपली काळी माती मोठी फसवी. उन्हाळ्यात ती भेगाळते, वरच्या थरातले खापर भेगेतून हातभर खाली उतरते, आणि बेसावध पर्यवेक्षक चार शतकांचे अंतर एका ओळीत पुसून टाकतो. म्हणून प्रत्येक वस्तूची जागा आणि खोली त्याच दिवशी नोंदवहीत चढली पाहिजे, थरागणिक खापरे निराळी धुऊन वाळविली पाहिजेत आणि मातीच्या कडेचे चित्र ती ढासळण्याआधी काढले पाहिजे. सायंकाळी तंबूत कंदिलाच्या अथवा बॅटरीच्या उजेडात हे लिखाण चालते. ह्या व्यवसायाचा खरा कस तेथे लागतो.

ह्या दंडकांचे मूळ कामाच्या स्वरूपातच आहे. दप्तरखान्यातला कागद दहा अभ्यासकांनी दहा वेळा वाचला तरी तो जागच्या जागी राहतो. उत्खननात मात्र अस्सल वाचता वाचताच नष्ट होते आणि पुढच्या पिढ्यांच्या हाती केवळ नक्कल उरते. ती नक्कल म्हणजे उत्खननाचा प्रसिद्ध झालेला अहवाल. मणी, खापरे, लोखंडी कुऱ्हाडी वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात असल्या, तरी त्या कोणत्या थरातून, कोणाच्या सोबतीने निघाल्या हे सांगणारा अहवाल नसेल, तर त्यांची साक्ष कोणत्याही कोर्टात टिकावयाची नाही.

ह्या कसोटीवर विदर्भाने एक उत्तम उदाहरण घालून दिले आहे. डॉ. शां. भा. देव ह्यांनी म. के. धवळीकर ह्यांच्यासह वर्धा जिल्ह्यातील पवनार १९६७ साली खणले व १९६८ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. टाकळघाट-खापा १९६८-६९ साली खणले, अहवाल १९७० साली आला. सर्वेक्षणाचे जगत्पती जोशी ह्यांच्यासह भंडारा जिल्ह्यातील पवनीचे उत्खनन १९६९-७० साली झाले, अहवाल १९७२ साली वाचकांच्या हाती पडला. माहुरझरीचे काम १९७० ते १९७२ पर्यंत चालले आणि त्याचा वृत्तांत १९७३ साली निघाला. ज्या नायकुंडने लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आणली, त्याचाही अहवाल देव व अ. प्र. जामखेडकर ह्यांच्या नावे १९८२ साली प्रसिद्ध झाला. साधने तुटपुंजी असतानाही खणणे आणि लिहिणे ह्यांत दोन-तीन वर्षांहून अधिक अंतर पडू न देण्याचा हा शिरस्ता होता. ह्याच नागपूर जिल्ह्यातील अडम येथे १९८८ ते १९९२ ह्या काळात अमरेंद्र नाथ ह्यांनी केलेल्या महत्त्वाच्या उत्खननाचा ग्रंथ मात्र २०१६ साली, म्हणजे सुमारे दोन तपांनी निघाला. ह्यात व्यक्तीस दोष देणे अन्यायाचे होईल. अशा विलंबाची कारणे व्यवस्थेत असतात: खणण्यास मंजुरी आणि रक्कम मिळते, लिहिण्यास ना रजा मिळते ना मदतनीस, बदलीचा हुकूम आला की अधिकारी एका गावी आणि त्याची खापरे दुसऱ्या गावी राहतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात रखडलेल्या उत्खनन-वृत्तांतांवर ठपका ठेवला, तो ह्या साऱ्या रीतीवर होता.

आता परदेशांकडे पाहू. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने संघशासनाच्या कामांपूर्वी ऐतिहासिक स्थळांवरील परिणामाचा विचार बंधनकारक झाला. इंग्लंडात १९९० साली असे धोरण आले, की ज्याच्या बांधकामामुळे पुरावशेष उद्ध्वस्त होणार, त्यानेच त्यांच्या तपासणीचा व नोंदणीचा खर्च सोसावा. १९९२ च्या व्हॅलेटा येथील करारनाम्याने युरोपातील इतर राष्ट्रांनीही हे तत्त्व उचलले. त्यातून उत्खननाचा मक्ता घेणाऱ्या पेढ्या निर्माण झाल्या, हजारो पदवीधरांस काम मिळाले आणि एरवी रस्त्याखाली गडप झाली असती अशी स्थळे निदान नोंदली गेली. परंतु मक्ता आला की चढाओढ येते, आणि पैसा देणाऱ्यास उत्तम अहवालापेक्षा लवकर मोकळी झालेली जमीन प्रिय असते. कमी दराची बोली मान्य होते, तिची झळ अखेर काही महिन्यांच्या करारावर गावोगाव फिरणाऱ्या खणणाऱ्यास बसते, आणि अहवाल नियोजन-कचेरीच्या फाइलीत दाखल होऊन तेथेच पडून राहतो. ह्यावर उतारा ठरू शकेल अशी आपली संस्था ब्रिटनमधील व्यावसायिकांनी १९८२ सालीच उभारली होती; तिने सभासदत्वाच्या पायऱ्या, आचारसंहिता आणि कामाचे लेखी दंडक ठरविले; २०१४ साली तिला राजसनद मिळाली. कमी वेतनाची तक्रार अद्याप मिटली नाही; परंतु दंडक मोडणाऱ्यास जाब विचारण्याची जागा तरी निर्माण झाली.

आपल्याकडे उत्खनन ही शासन, विद्यापीठे आणि परवानाधारक संस्था ह्यांच्या अखत्यारीतील गोष्ट आहे. खाजगी मक्तेदारास तिच्यात स्थान नाही. मोठ्या प्रकल्पापुढे पुरातत्त्व हतबलच असते असेही नाही. नागार्जुनसागराच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात १९५४ ते १९६० पर्यंत रा. सुब्रह्मण्यम ह्यांच्या नेतृत्वाखाली खणती झाली आणि निवडक वास्तू उंचावर हलविण्यात आल्या. परंतु तो अपवाद होता. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीच्या १०० मीटरांत बांधकामास मनाई केली आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रणाखाली आणले. जे स्थळ संरक्षित यादीतच नाही, त्यास ह्या मोजमापाचा काय उपयोग? विदर्भातील कितीतरी शिलावर्तुळे मुरमाड, पडीक माळावर, म्हणजे नेमकी मुरमाच्या खाणीस, रस्त्यास आणि नव्या लेआउटास सोयीच्या जमिनीवर आहेत.

प्रकल्पकर्त्याने खर्च सोसावा हे तत्त्व आपणही आज ना उद्या स्वीकारणार आणि स्वीकारावेच. मात्र मक्त्याची दारे उघडण्यापूर्वी चार अटी कायद्यात बसल्या पाहिजेत. खर्चाची रक्कम प्रकल्पकर्त्याच्या हातून परस्पर न जाता शासकीय निधीतून जावी. लिखाणाचा खर्च आरंभीच बाजूस काढावा व अहवाल मुदतीत प्रसिद्ध झाल्याखेरीज पुढील परवाना मिळू नये. वस्तू व नोंदी कोणत्या संग्रहालयात ठेवणार हे टिकाव पडण्यापूर्वी ठरावे. आणि पर्यवेक्षकापासून रोजंदारीच्या मजुरापर्यंत प्रत्येकाचे वेतन, विमा व अहवालातील नामोल्लेख लेखी असावा. ह्या अटींवाचून आलेला मक्ता म्हणजे जमीन साफ करण्याचा ठेका होय. त्यास उत्खनन म्हणू नये.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांनी एवढे करावे. शेतात, विहिरीच्या खणतीत अथवा घराच्या पायात जुनी खापरे, मणी वा वर्तुळाकार मांडलेले दगड आढळले, तर ते उचलू नयेत. जागा आणि तारीख लिहून ठेवावी, छायाचित्र काढावे आणि तहसीलदारास अथवा नागपुरातील पुरातत्त्व कार्यालयास लेखी कळवून पोच घ्यावी. पुढील लेखांकात मानसर व नगरधन येथील वाकाटककालीन अवशेषांचा विचार करू.