नळस्टॉपपासून टेकडीपर्यंत

पुण्याला पाहुणे आले की आपण त्यांना शनिवारवाडा दाखवतो, पर्वती चढायला लावतो, बाकरवडीचा पुडा हातात देतो आणि गाडीत बसवतो. एरंडवण्याला मात्र कुणी नेत नाही. तिथं काय आहे बघण्यासारखं? बंगले, झाडं आणि वाहनांची गर्दी! पण दोस्तांनो, रविवारी सकाळी सातच्या आत घराबाहेर पडायची तयारी असेल, तर याच भागात तुम्हाला महाभारत सापडेल, सिनेमा सापडेल आणि अश्मयुगसुद्धा. पायात बूट, पाण्याची बाटली आणि खिशात पाचेक मीटर सुतळी एवढं घ्या. सुतळी कशाला, ते पुढं कळेलच.

सुरुवात नळस्टॉपपासून करू. इथं म्हणे पूर्वी एक सार्वजनिक नळ होता आणि त्याच्याजवळ बसथांबा. नळ गेला, नाव राहिलं. २०२२ मध्ये मेट्रो आली, तिच्या स्टेशनलाही तेच नाव!

एरंडवणे मुळात नदीपलीकडचं एक खेडं. शेतं होती, मागं उघडीबोडकी टेकडी. हळूहळू पेठांमधली दाटी सोडून लोक इकडं राहायला येऊ लागले. इथल्या तीन मुख्य रस्त्यांची नावं पाहा : प्रभात रस्ता, लॉ कॉलेज रस्ता, भांडारकर रस्ता. एक नाव सिनेमाच्या कंपनीचं, एक कॉलेजचं, तर एक जुन्या पोथ्या जपणाऱ्या संस्थेचं. शाळा-कॉलेजांच्या शहराला शोभतील अशीच नावं आहेत, नाही का?

लॉ कॉलेज रस्त्यानं निघालं की डाव्या हाताला फिल्म इन्स्टिट्यूट लागते. ही जागा म्हणजे पूर्वीचा प्रभात स्टुडिओ. प्रभात कंपनी कोल्हापूरची, १९३३ मध्ये ती पुण्याला आली. १९३६ चा ‘संत तुकाराम’ इथलाच. पुढच्याच वर्षी इटलीत व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. कंपनी बंद पडल्यावर १९६० मध्ये सरकारनं इथं सिनेमा शिकवणारी संस्था काढली. आत कुणालाही सोडत नाहीत, तेव्हा फाटकातूनच डोकवा.

याच रस्त्यावर जयकर बंगला आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. आज हा बंगला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आहे.

आता सुतळी काढा. एखादं मोठं झाड निवडा. बहुतेक तो पर्जन्यवृक्ष असेल : छत्रीसारखा पसरलेला, गुलाबी पिसांसारखी फुलं, चिकट काळ्या शेंगा. संध्याकाळी तो पानं मिटून घेतो. जमिनीपासून साधारण तुमच्या छातीच्या उंचीवर खोडाला सुतळी गुंडाळा आणि घेर मोजून वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात परत मोजा, म्हणजे झाड किती वाढलं ते कळेल. गंमत म्हणजे या रस्त्यांवरची कितीतरी झाडं परदेशी पाहुणी आहेत. पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातला, गुलमोहर मादागास्करचा. बुचाची झाडंही पूर्वेकडून आलेली. पावसाळा संपता संपता त्यांच्या लांब दांड्यांच्या पांढऱ्या फुलांचा सकाळी रस्त्यावर सडा पडतो. सुई-दोरा न घेता त्यांची वेणी गुंफता येते. आजीला विचारा, ती शिकवेल.

ही सावली आपोआप आलेली नाही, बरं का! कुणीतरी रोपं लावली, बादल्या उचलून पाणी घातलं. आता जुने बंगले पाडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहतायत. बंगला पाडला की अंगणातल्या आंब्याचं काय, हा प्रश्न येतोच. झाड आपल्या अंगणातलं असलं तरी ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. १९७५ च्या कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ मध्ये या कायद्यात बदल होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हटलं गेलं. म्हणजे झाडाचं वय माहीत असणं फार कामाचं! आणि ते माहीत असतं कुणाला? लहानपणी त्याच्याखाली खेळलेल्या आजी-आजोबांना. तेव्हा वहीत घेराशेजारी तेही विचारून लिहा.

पुढं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था लागते. स्थापना १९१७ ची. महाभारताच्या पोथ्या देशभर वेगवेगळ्या लिप्यांत होत्या आणि प्रत्येकीत मजकूर थोडा वेगळा. मग मूळचा कुठला? इथल्या पंडितांनी १९१९ मध्ये काम हाती घेतलं. शेकडो हस्तलिखितं जमवली आणि श्लोकामागून श्लोक ताडून पाहिला. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून या कामाची धुरा वाहिली, पण ते १९४३ मध्ये गेले. काम संपलं १९६६ मध्ये. सत्तेचाळीस वर्षं! व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहिलं, ही गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ती मागाहून आलेली आहे असं या अभ्यासातून दिसलं आणि तिला मुख्य मजकुरातून काढून परिशिष्टात ठेवलं गेलं.

याच भागात दामोदर धर्मानंद कोसंबी राहत. मूळचे गोव्याचे, गणिताचे पंडित. नोकरी मुंबईत, म्हणून डेक्कन क्वीननं ये-जा करत. टेकड्यांवर हिंडायचं तर विलक्षण वेड! नजर कायम जमिनीकडे. पुण्याच्या आसपास त्यांना दगडाची नखाएवढी पाती सापडली. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची ती हत्यारं होती. पेठा नव्हत्या, तेव्हाही इथं माणसं वावरत होती!

तीच टेकडी आता चढा. वाटा अनेक आहेत, पण मोठं माणूस बरोबर असू द्या. जरा पुढं वेताळ टेकडी आहे, सुमारे आठशे मीटर उंचीची आणि शहराच्या हद्दीतली सगळ्यांत उंच. मोराचा आवाज ऐकू आला तर दचकू नका. या टेकडीच्या अंगानं बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत रस्ता काढायची योजना कित्येक वर्षं गाजते आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी सुटेल, असं रस्ता हवा असणारे म्हणतात, आणि ती कोंडी खरीच आहे. संध्याकाळी त्या रस्त्यावर अडकून पाहा! टेकडी फोडली, तर झाडं जातील आणि जमिनीत मुरणारं पाणीही जाईल, असं विरोध करणारे म्हणतात. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी टेकडी वाचवण्यासाठी मोर्चा काढला, त्यात आजोबा होते तशी शाळकरी मुलंही होती. मला विचाराल, तर टेकडीला हात लावू नये. तुमच्या घरी कुणाचं मत वेगळं असेल, तर जेवताना भांडा खुशाल.

माथ्यावरून खाली बघा. आपण चालत आलो तो रस्ता दिसतच नाही, नुसती हिरवी गोधडी पसरलेली. मधूनमधून तिच्यातून डोकं वर काढणाऱ्या इमारती किती, ते मोजा आणि तो आकडाही वहीत लिहून ठेवा.