इन्सुलिनसोबत शिकवणीही हवी

इन्सुलिनच्या सिरिंजचं टोपण लाल असेल तर ती 40 युनिटच्या बाटलीसाठी, नारिंगी असेल तर 100 युनिटच्या औषधासाठी. आपल्याकडे दुकानात मिळणारी साधी बाटली बहुधा 40 ची असते. तिच्यातलं इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात 20 युनिट जात नाहीत, 8 च जातात. चूक उलटी झाली, म्हणजे 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर 20 ऐवजी 50 युनिट जातात, आणि लहान पोराच्या ते जिवावर बेतू शकतं. हे समजवायला पाच मिनिटं पुरतात. पण आईबापाच्या हातात सिरिंज देऊन, रेघ दाखवून, त्यांच्याकडून दोनदा भरून घेऊन कोणीतरी ते समजवावं लागतं. टाइप 1 मधुमेहात औषध डॉक्टर लिहून देतात, पण पुढे रोजचा उपचार घरातली माणसंच करतात. म्हणून शिकवणी हा सल्ला न मानता उपचाराचाच भाग मानावा आणि सरकारी दवाखान्यात औषधासारखीच ती हक्काने, फुकट मिळावी, असं माझं म्हणणं आहे.

मोठ्यांच्या ‘शुगर’शी या आजाराची गल्लत होते. टाइप 1 मध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड जास्त खाल्लं म्हणून तो होत नाही, काढ्याने जात नाही, आणि इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालची अशी सुमारे 2 लाख 29 हजार मुलं होती. त्यांच्या घरच्यांना रोज किती निर्णय घ्यावे लागतात, ते नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर कळतं. मध्यम पोळीत साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं, हे पाठ होतं. पण गोळाभाताचं काय? सकाळच्या तर्री-पोह्यांचं काय? तान्हा पोळ्याला पोरगं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतं, बोजारा म्हणून मिळालेला खाऊ तोंडात टाकतं, आणि वर दोन तास हुंदडतं. खाण्याने साखर चढते, हुंदडण्याने उतरते. मग संध्याकाळचा डोस वाढवायचा की कमी करायचा? घाम फुटला, हात थरथरले, पोरगं विनाकारण चिडचिड करू लागलं, तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. उलट्या होताहेत, जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. त्याच त्या जागी रोज सुई टोचली तर तिथे गाठ येते आणि औषध नीट शोषलं जात नाही. यातलं काहीच चिठ्ठीवर लिहून भागत नाही.

या मुद्द्याला मोठा आधार अमेरिका आणि कॅनडातल्या अभ्यासाचा आहे. 1983 ते 1993 या काळात टाइप 1 च्या 1,441 रुग्णांवर तो झाला. त्यातले सगळ्यात लहान तेरा वर्षांचे होते. ज्यांनी साखर काटेकोर सांभाळली, त्यांच्यात सुरुवातीला डोळे निकोप असलेल्यांचा दृष्टिपटल बिघडण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. हा आकडा सगळे सांगतात. त्याच गटात साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, हे मात्र कमी सांगितलं जातं. इन्सुलिन जास्त काटेकोर दिलं की लाभही वाढतो आणि जोखीमही, आणि दोन्हींमधली वाट शिकलेल्या माणसालाच सापडते. त्या रुग्णांमागे डॉक्टरांसोबत परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक सतत उभे होते. आपण त्यातलं औषध तेवढं उचललं.

नागपूरला हे नवं नाही. डॉ. शरद पेंडसे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ड्रीम ट्रस्टने गरीब मुलांना मोफत इन्सुलिन देताना शिक्षण हा शब्द संस्थेच्या पूर्ण नावातच घातला. छत्रपती संभाजीनगरच्या ‘उडान’ संस्थेनेही मुलांसाठी असंच काम उभं केलं. पण विदर्भाची गरज एखाद्या न्यासाच्या खांद्यावर किती दिवस टाकायची? महालातल्या घराला सरकारी मेयो रुग्णालय जवळ आहे, तरी ओपीडी सकाळची, म्हणजे हातावर पोट असलेल्या बापाचा रोज बुडतो. गडचिरोली किंवा बालाघाटहून येणाऱ्याचे दोन दिवस जातात. त्यात आपला उन्हाळा. मे 2013 मध्ये इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि न उघडलेली बाटली ठेवायची ती 2 ते 8 अंशांत. फ्रिज नसेल तर ओल्या मातीच्या भांड्यात तापमान बरंच उतरतं, हे 2016 च्या एका अभ्यासाने दाखवलं. फ्रिज असेल तर बाटली बर्फाच्या खणात ठेवायची नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. दोन्ही घरांना शिकवणी लागते, फक्त वेगवेगळी.

यावर पहिला आक्षेप असा, की मोठ्यांचा मधुमेह एवढा पसरलेला असताना थोड्या मुलांसाठी वेगळी सोय कशाला? आपल्या सरकारी तपासणी मोहिमा तिशीपुढच्यांसाठी आखलेल्या आहेत, हेच त्याचं उत्तर. मुलं थोडी आहेत म्हणूनच ती त्या चाळणीतून गळतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोबाइलवर सगळं फुकट मिळतं, शिवाय डॉक्टर सुट्टी देताना सांगतातच. पण आजार कळल्याच्या आठवड्यात आईबाप सुन्न असतात, तेव्हाचं निम्मं डोक्यात शिरत नाही. सहा वर्षांच्या मुलासाठी आई शिकते, बाराव्या वर्षी मुलाला स्वतः शिकावं लागतं, म्हणजे शिकवणी पुन्हापुन्हा लागते. आणि मोबाइलवर खऱ्या माहितीच्या शेजारीच ‘इन्सुलिन सोडा’ म्हणणारे वैदू बसलेले असतात. आईबाप शिकलेले नाहीत, हे कारण तर मला मुळीच पटत नाही. डब्याचा हिशोब ठेवणाऱ्या बाईला कर्बोदकांचा हिशोब जमतो. तो तिच्या भाषेत, तिच्या वाटीने मोजून सांगायला हवा.

शिकवणीने काय होतं, ते इटलीतल्या पार्मा प्रांतात दिसलं. अंथरूण ओलं न करणारं मूल पुन्हा करू लागलं, त्याची तहान वाढली, तर साखर तपासा, एवढाच निरोप 1990 च्या दशकात शाळांतल्या भित्तिपत्रकांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी पोहोचवला. रक्त आम्लधर्मी होऊन अत्यवस्थ अवस्थेत निदान होणाऱ्या मुलांचं प्रमाण 78 टक्क्यांवरून सुमारे 12 टक्क्यांवर आलं. महालातल्या शाळांच्या भिंतींवर असं एक पत्रक लावायला फारसा खर्च नाही. शाळेत साखर तपासायला, सुई टोचायला, मधल्या वेळेत खायला मुलाला मुभा द्यावी, असं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने जुलै 2023 मध्ये राज्यांना कळवलेलंच आहे. पालकांनी ते पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटावं. आणि मेयो, मेडिकलसारख्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात मुलांसाठी मराठी-हिंदी बोलणारा, संध्याकाळीही भेटणारा एक पूर्णवेळ मधुमेह शिक्षक मंजूर पदावर असावा, ही मागणी आपल्या नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे लेखी द्यावी.