गिऱ्हाईक आधी, जाहिरात नंतर

धंदा मंद चालला आहे अशी तक्रार केली की हल्ली व्यापाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो : मोबाइलवर व्हिडिओ टाका, जाहिरात करा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. व्हिडिओत दाखवायचे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आम्हाला अमेरिकेतील एका बेसबॉल संघाच्या हकिगतीत सापडले. खेळाची आवड नसलेल्या वाचकांनीही ती वाचावी, कारण ही गोष्ट खेळाची कमी आणि गिऱ्हाइकाची जास्त आहे.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सव्हाना नावाचे बंदराचे शहर आहे. तेथे 1926 साली सुरू झालेले ग्रेसन स्टेडियम आहे. बेसबॉल हा आपल्या क्रिकेटसारखाच चेंडू-फळीचा खेळ. 2015 चा हंगाम संपल्यावर तेथील व्यावसायिक संघ मैदान सोडून दुसऱ्या शहरी गेला. त्या रिकाम्या मैदानावर जेसी कोल आणि त्यांच्या पत्नी एमिली यांनी नवा संघ उभा करायचे ठरवले. तोही नामवंत खेळाडूंचा नव्हे, तर उन्हाळी सुटीत खेळणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा.

घर विकून धंदा

सुरुवात वाईट झाली. पहिल्या काही महिन्यांत तिकिटे जवळजवळ विकलीच गेली नाहीत. जानेवारी 2016 मध्ये बँकेतील खात्यात पैसा उरला नाही. नवरा-बायकोने राहते घर विकले, शिल्लक बाहेर काढली आणि हवा भरलेल्या गादीवर झोपून दिवस काढले. पदरचे भांडवल घालून दुकान टाकणाऱ्याला ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

फेब्रुवारी 2016 मध्ये संघाचे नाव जाहीर झाले : ‘सव्हाना बनानाज’, म्हणजे सव्हानाची केळी! हे नाव गावातल्याच एका परिचारिकेने सुचवले होते. गावात थट्टा झाली, काही जण रागावलेही. पण नाव घरोघरी पोहोचले. जूनमध्ये पहिल्या सामन्याला मैदान भरले.

तक्रारींची यादी

नुसत्या नावावर गर्दी एकदा येते, परत येत नाही. हे ओळखून कोल यांनी प्रेक्षकाला काय खटकते ते शोधले. मैदानातले खाणे महाग पडते, ही पहिली तक्रार. म्हणून सव्हानाच्या सामन्यांत त्यांनी खाणे तिकिटाच्या किमतीतच दिले. तिकिटावर मागाहून चढणारे शुल्क त्यांनी लावले नाही. भिंतीभर लटकणाऱ्या जाहिराती डोळ्यांना बोचतात, म्हणून 2020 साली त्या सगळ्या उतरवल्या आणि त्यांचे उत्पन्न सोडून दिले. तिकीट घेणाऱ्याला फोन करून आभार मानायची पद्धत ठेवली.

मग त्यांच्या लक्षात आले की लोक सामना संपण्याआधीच उठून जातात. खेळ फार लांबतो, हे कारण. तेव्हा त्यांनी ‘बनाना बॉल’ हा स्वतःचा प्रकार काढला. त्यात दोन तासांची मर्यादा असते. फाउल होऊन प्रेक्षकांत उडालेला चेंडू प्रेक्षकाने थेट झेलला तर फलंदाज बाद! तिकीट काढून आलेला माणूसच खेळात सामील झाला.

मोबाइलची कामगिरी

आता मोबाइलकडे येऊ. नाचणारे पंच, उंच काठ्यांवर उभा राहून फलंदाजी करणारा खेळाडू, आजीबाईंचे नृत्यपथक, हे सारे मैदानात होत होतेच. 2020 पासून ते टिकटॉकवर छोट्या छोट्या तुकड्यांत जाऊ लागले. 2022 पर्यंत तेथील त्यांच्या अनुयायांची संख्या अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमधील कोणत्याही एका संघापेक्षा जास्त झाली. त्याच वर्षी त्यांनी विद्यार्थ्यांची लीग सोडली आणि पूर्णवेळ दौऱ्यावर निघाले. 2024 मध्ये बोस्टनच्या जुन्या फेनवे पार्कचा सामनाही भरला. एप्रिल 2025 मध्ये क्लेमसन येथे सुमारे 81 हजार लोक त्यांना पाहायला आले.

संपर्क पडद्यापुरता ठेवला नाही, हेही महत्त्वाचे. सामन्याच्या आधी आणि नंतर खेळाडू लोकांत मिसळतात, सह्या देतात. परक्या मुलांना आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांच्या मदतीसाठी कोल दांपत्याने 2023 साली एक संस्था काढली असून, सामन्यांत अशा कुटुंबांचा सत्कार होतो.

टीकाही आहे. खेळाची सर्कस केली, असे जुने रसिक म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येक धंद्याची एक अदब असते. जरीच्या कारागिराने गिऱ्हाइकापुढे नाचावे, असा या गोष्टीचा अर्थ कोणी काढू नये.

आपल्या गल्ल्यावर

अर्थ वेगळाच आहे. व्हिडिओने माल चांगला होत नाही. जो आहे तो चार लोकांपुढे जातो. आधी तक्रार दूर झाली, मग गिऱ्हाईक खूश झाले, आणि व्हिडिओने ती खुशी दूरवर नेली. हा क्रम उलटा केला तर व्हिडिओ फक्त आपली उणीव गावभर करतो.

आमची सूचना साधी आहे. या आठवड्यात मोबाइल हातात घेण्याआधी वही घ्या. दुकानातून रिकाम्या हाताने गेलेले गिऱ्हाईक काय बोलून गेले ते लिहून ठेवा. भाव सांगायला टाळाटाळ झाली का? शिलाईचा वायदा टळला का? माल बदलून देताना कपाळाला आठी पडली का? त्यातली एक तक्रार महिनाभरात कायमची मिटवा. त्यानंतर मोबाइल उघडा आणि आपले काम दाखवा : कातडे कसे कापता, टाका कसा घालता, भांड्याला कल्हई कशी लावता. भाव स्पष्ट लिहा. विचारणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर द्या.

यासाठी घर विकावे लागत नाही. मात्र थोडा नफा आणि बराचसा हट्ट सोडावा लागतो, आणि आमच्या अनुभवाने सांगतो, आपल्याला जड जातो तो हट्टच.