खांब एक, उंचीच्या मर्यादा तीन : अमेरिकेत घरासमोरचा खांब बदलताना कुठला नियम लागतो?

या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेली पुनरुक्ती तेवढी काढलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका श्रोत्या ताईंचा प्रश्न आला होता. घरासमोरचा लाकडी खांब काढून तिथे नवा, जास्त उंच खांब येणार आणि त्याच्या डोक्यावर मोबाइल कंपनीचा अँटेना बसणार, अशी नोटीस त्यांना मिळाली आहे. त्या लिहितात, "आम्ही मागच्या अंगणात डेक बांधला तेव्हा टाउनशिपने इंचाइंचाचा हिशेब मागितला होता. मग या खांबाला उंचीची मर्यादाच नाही का?"

मर्यादा आहे. एक सोडून तीन आहेत, आणि घोळ तिथेच होतो. सुनावणीला गेलेली माणसं बहुतेक वेळा चुकीच्या आकड्यावर भांडून परत येतात.

आधी ताईंच्या रागाचं बघू, कारण तो अगदी रास्त आहे. आपल्याकडे महापालिकेची विकास नियंत्रण नियमावली असते, तसं तिकडे झोनिंग. कुठल्या भागात काय बांधायचं, किती उंच, हद्दीपासून किती आत, हे ते ठरवतं. निवासी भागात घराची उंची साधारण ३५ फुटांच्या आसपास रोखलेली असते. पण झोनिंग प्रामुख्याने प्लॉटला लागतं आणि खांब सहसा प्लॉटवर नसतो. तो असतो रस्त्याच्या हद्दीत, ज्याला तिकडे राइट ऑफ वे म्हणतात. गंमत अशी, की ज्या हिरवळीवर तुम्ही दर शनिवारी मोवर फिरवता, तिचा रस्त्याकडचा पट्टा बऱ्याचदा याच हद्दीत मोडतो. गवत तुम्ही कापायचं, पण तिथे काय उभं राहील हे दुसऱ्यांनी ठरवायचं!

खांब सडला, गाडी आदळली, वादळात वाकला, तर वीज किंवा टेलिफोन कंपनी तिथेच तसाच दुसरा उभा करते. त्यावर देखरेख मुख्यतः राज्याच्या युटिलिटी कमिशनची. गावाचं झोनिंग अशा वेळी सहसा मध्ये येत नाही, आणि यायलाही नको, नाहीतर प्रत्येक वादळानंतर सुनावण्या घेत बसावं लागेल. प्रश्न सुरू होतो तो नवा खांब जुन्यापेक्षा उंच असतो आणि त्यावर अँटेना चढतो तेव्हा.

आता उंच खांब लागतो तरी कशाला? खांबाकडे खालून वर नीट बघा. खालच्या बाजूला टेलिफोन, केबल, फायबर. मग मोकळी जागा. आणि त्याच्यावर विजेच्या तारा. ही मोकळी जागा उगाच सोडलेली नसते. टेलिफोनच्या तारांवर काम करणाऱ्या माणसाचा हात विजेपर्यंत पोचू नये म्हणून सुरक्षा संहितेनुसार तिथे साधारण ४० इंच अंतर ठेवतात. खाली रस्त्यावरून ट्रक जायला हवेत, म्हणून तारा खालीही आणता येत नाहीत. म्हणजे जागा दोन्हीकडून आवळलेली. नवीन काही बसवायचं तर वर जाणं आलंच.

लाकडी खांब पाच-पाच फुटांच्या टप्प्यांत मिळतात : ३५, ४०, ४५, ५०. आणि 'चाळीस फुटी' खांब म्हणजे चाळीस फूट दिसणारा खांब नव्हे. सर्वसाधारण नियम असा, की लांबीच्या दहा टक्के अधिक दोन फूट एवढा भाग जमिनीत पुरायचा. म्हणजे ४० फुटी खांबाचे ६ फूट जमिनीत गेले, वर राहिले ३४. त्याच्या जागी ४५ फुटी आणला तर साडेसहा फूट पुरून वर राहतील साडेअडतीस. ५० फुटी आणला तर ७ पुरून ४३. नोटिशीत नुसती '५० फूट' लिहिलं असेल तर पहिला प्रश्न हा विचारा, की ही लांबी आहे की जमिनीपासूनची उंची, आणि अँटेना यात धरलाय का. या एका प्रश्नाने अर्धा गोंधळ मिटतो.

आता आपला हा ३४ फूट दिसणारा खांब धरून तिन्ही मर्यादा लावून बघू.

पहिली मर्यादा येते २०१७च्या नोव्हेंबरमधल्या एफसीसीच्या आदेशातून. एफसीसी म्हणजे तिकडचा केंद्रीय दळणवळण आयोग. अँटेना बसवण्यासाठी खांब बदलला की ऐतिहासिक वारसा जपण्याच्या कायद्याखाली तपासणी करावी लागायची. या आदेशाने त्यात सूट दिली. अटी अशा : नवा खांब जुन्या खड्ड्यापासून १० फुटांच्या आत हवा, दिसायला जुन्यासारखा हवा, नव्याने जमीन उकरायची नाही, मूळ खांब स्वतःच ऐतिहासिक वास्तू नसावा आणि उंची जुन्यापेक्षा ५ फूट किंवा १० टक्के, यातलं जे जास्त असेल त्याहून वाढता कामा नये. ३४चे दहा टक्के ३.४, त्यामुळे इथे ५ फूट लागू. म्हणजे ३९. ४५ फुटी खांब यात बसतो, ५० फुटी बसत नाही. पण ३९ ओलांडले म्हणून खांब बेकायदा ठरत नाही हो! फक्त वारशाच्या तपासणीतली ही सूट मिळत नाही. हा आकडा झोनिंगचा नाहीच.

दुसरी मर्यादा २०१२च्या स्पेक्ट्रम कायद्याच्या कलम ६४०९ची. आधीच दूरसंचार उपकरणं असलेल्या बांधकामात 'लक्षणीय बदल' होत नसेल, तर गावाला परवानगी द्यावीच लागते. ६० दिवसांत निर्णय झाला नाही, तर कंपनीने तसं कळवल्यावर परवानगी मिळाली असं मानलं जातं. रस्त्याच्या हद्दीतल्या खांबासाठी लक्षणीय म्हणजे १० टक्के किंवा १० फूट, यातलं जे जास्त असेल त्याच्यापुढची वाढ. आपल्या खांबाला मर्यादा झाली ४४. आता मेख बघा. एक म्हणजे, खांबावर आधीपासून परवानगी घेऊन बसवलेला अँटेना असला पाहिजे, नुसत्या विजेच्या तारांच्या खांबाला हे कलम लागत नाही. दुसरं म्हणजे, २०१४मध्ये एफसीसीने स्पष्ट केलंय की या कलमातलं 'बदलणं' हे उपकरणांपुरतं आहे. खांबच काढून दुसरा घालणं त्यात येत नाही. तेव्हा कोरा खांब बदलायच्या अर्जावर कुणी ६४०९चा हवाला देत असेल, तर तिथे बोट ठेवायला जागा आहे.

आणि दरवेळी दहा-दहा फूट वाढवत नेता येईल का? नाही. मोजायचं ते मूळ मंजुरीपासून, फार तर २०१२मध्ये हा कायदा होण्याआधी मंजूर झालेल्या बदलांसह. त्यामुळे ताजी उंची कितीही असो, जुनी मंजुरीची फाइल मागायचीच.

तिसरी मर्यादा, आणि ताईंच्या नोटिशीला बहुधा हीच लागणार, २०१८च्या सप्टेंबरमधल्या स्मॉल सेल आदेशाची. लहान अँटेनाच्या सोयीला वेगळी, जलद वाट दिलीय. त्यासाठी अँटेनासकट बांधकाम ५० फूट किंवा त्याहून कमी हवं, नाहीतर शेजारच्या बांधकामांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त उंच नको. प्रत्येक अँटेना ३ घनफुटांच्या आत, बाकीची उपकरणं मिळून २८ घनफुटांच्या आत. (२८ घनफूट म्हणजे घरातल्या मोठ्या फ्रिजएवढं, ते खांबाला टांगलेलं डोळ्यांसमोर आणा.) आधीच्या बांधकामावर बसवायचं तर गावाने ६० दिवसांत निर्णय द्यायचा, नवं बांधकाम असेल तर ९० दिवसांत. अर्जात यातला कुठला प्रकार लिहिलाय ते बघून घ्या.

पन्नास फूट हा आकडा लोक फार चुकीचा वाचतात. 'पन्नासपर्यंत कंपनीचा हक्क' असं कंपनीचा माणूस सुचवतो आणि 'पन्नासच्या वर बंदी' असं शेजारी समजतात. दोन्ही खरं नाही. पन्नास हे जलद वाटेचं दार आहे. त्याच्या वर गेलात तर दार बंद, पण लांबची नेहमीची वाट उघडी. आणि त्याच्या खाली असलात तरी गाव स्वतःचे निकष लावू शकतं, फक्त त्यामुळे सेवा देणंच अशक्यप्राय होता कामा नये. शिवाय अनेक राज्यांनी आपापले स्मॉल सेल कायदे केलेत, त्यांचे आकडे वेगळे असू शकतात. तुमच्या राज्याचा कायदा आधी बघा.

मग गावाच्या हातात नेमकं काय उरतं? दिसणं. खांबाचा रंग, तारा उघड्या की आतून, पेटी कुठे, खिडकीसमोर की दोन प्लॉटच्या हद्दीवर. सॅन फ्रान्सिस्को शहराने अशा निकषांसाठी कोर्टात लढाई केली आणि २०१९मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. २०२०मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१८च्या आदेशाचा बराचसा भाग कायम ठेवला, पण सौंदर्याच्या निकषांवर एफसीसीने घातलेली काही बंधनं रद्द केली. असे निकष आधी प्रसिद्ध केलेले असावे लागतात. नोटीस आल्यावर घाईघाईने केलेला ठराव कामाला येत नाही. म्हणून मी म्हणेन, गावाच्या परिषदेत नियमावलीचा मसुदा येतो त्या कंटाळवाण्या संध्याकाळी जा. खांबाच्या सुनावणीपेक्षा तिथे जास्त पदरात पडतं.

पैशाचंही सांगतो. रस्त्याच्या हद्दीतल्या एका स्मॉल सेलसाठी वर्षाला २७० डॉलरपर्यंतचं शुल्क वाजवी मानलं जातं. जास्त घ्यायचं तर गावाने खरा खर्च दाखवायचा. तेव्हा 'टाउनशिप पैशासाठी विकली गेली' हा आरोप करण्याआधी हा आकडा आठवा.

आणि सगळ्यात नाजूक मुद्दा : आरोग्य. मोबाइल लहरींची भीती मनात असते, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण १९९६च्या दूरसंचार कायद्यानुसार, उपकरण एफसीसीच्या मर्यादेत असेल तर रेडिओलहरींच्या परिणामांच्या कारणावरून गाव परवानगी नाकारू शकत नाही. सुनावणीत वीस जण उठून हेच बोलले आणि बोर्डाने त्यावर नकार दिला, तर कंपनीला कोर्टात आयताच मुद्दा मिळतो. उंची, जागा, दिसणं यावर बोललेलं मात्र नोंदीत कामाचं ठरतं.

नकार लेखी आणि पुराव्याला धरून हवा, हेही त्याच कायद्यात आहे. जॉर्जियातल्या रॉसवेल शहराने १०८ फूट उंचीचा, पाइनच्या झाडासारखा दिसणारा मनोरा नाकारला. पत्रात कारणं नव्हती, ती होती सभेच्या इतिवृत्तात, आणि ते बाहेर आलं २६ दिवसांनी. २०१५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, कारणं पत्रातच हवीत असं नाही, पण ती नकारासोबतच मिळाली पाहिजेत. शहर तिथे हरलं. इतका जपून चालण्याचा हा मामला आहे.

न्यू जर्सीच्या श्रोत्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. खांब किंवा मनोरा रस्त्याच्या हद्दीत नसून खासगी जागेत असेल, तर राज्याचा जमीनवापर कायदा आणि स्थानिक बोर्ड खऱ्या अर्थाने चित्रात येतात. झोनिंगच्या सवलतीसाठी अर्ज असेल तर २०० फुटांच्या आतल्या मालकांना नोटीस द्यावी लागते. मुख्य बांधकाम त्या भागाच्या उंचीच्या मर्यादेपेक्षा १० फूट किंवा १० टक्क्यांहून वर जात असेल, तर विशेष सवलत लागते आणि त्यासाठी बोर्डाची पाच मतं बाजूने पडावी लागतात.

शेवटी, नवा खांब उभा राहिल्यावर जुन्याचं काय? अमेरिकेत फिरताना तुम्ही पाहिलं असेल, नव्या खांबाला चिकटून जुन्याचं अर्धं खोड तसंच उभं. वीज कंपनी आपल्या तारा हलवते, मग टेलिफोनवाल्यांची पाळी, मग केबलवाल्यांची, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत बसतो. मॅसॅच्युसेट्समध्ये यावर कायदाच आहे : नवा खांब लागल्यापासून ९० दिवसांत तारा हलवून जुना खांब काढायचा. तुमच्याकडे असा नियम नसेल, तर परवानगीच्या अटींमध्ये जुना खांब काढायची तारीख घाला अशी मागणी सुनावणीतच करा. नवा खांब उभा राहून गेल्यावर हे कोण ऐकणार?