जेरेमी ब्रेट: होम्सने खरंच त्याला संपवलं का?

शेरलॉक होम्सवरच्या भागानंतर तुमचे जे निरोप आले, त्यात जेरेमी ब्रेटबद्दल एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत होतं. ‘होम्स करता करता तो माणूस वेडा झाला, भूमिकेनेच त्याला खाल्लं.’ ही कथा मीही बरीच वर्षं ऐकतोय. आपल्याकडे ती लगेच पटते, कारण नटाबद्दल बोलताना ‘अंगात येणं’ हा शब्दप्रयोग आपल्या जिभेवर तयारच असतो. पण ब्रेटच्या आयुष्यातल्या घटना ओळीने मांडल्या की ही कथा टिकत नाही. म्हणून आजचा अख्खा भाग त्याच्यावर.

ज्यांना तो आठवत नसेल त्यांच्यासाठी एक खूण. आपली ‘ती फुलराणी’ ज्या नाटकावरून आली, त्याच शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून हॉलिवूडने १९६४ साली ‘माय फेअर लेडी’ केला. त्यात नायिकेच्या घरासमोर रस्त्यावर उभा राहून गाणं म्हणणारा देखणा फ्रेडी, तो ब्रेट. गंमत म्हणजे पडद्यावर ऐकू येणारा आवाज त्याचा नाहीच, बिल शर्ली नावाच्या गायकाचा आहे. ब्रेटला स्वतःला चांगलं गाता येत होतं, तरी!

त्याचा जन्म १९३३ सालचा, वडील लष्करी अधिकारी, शिक्षण ईटनला. मुलगा नट होणार म्हटल्यावर वडिलांनी एवढंच सांगितलं की घराण्याचं हगिन्स हे आडनाव वापरू नकोस. म्हणून मग ‘ब्रेट’, आणि तेही अंगातल्या सुटाच्या लेबलवरून उचललेलं. ‘र’ नीट उच्चारता येत नव्हता, त्यासाठी शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे आयुष्यभर तो आवाजाचे व्यायाम करत राहिला. होम्सचे ते कापल्यासारखे तुटक, स्वच्छ उच्चार तुम्हाला आवडत असतील तर त्यामागे ही मेहनत आहे.

अजून एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण शेवटी लागणार आहे. सोळाव्या वर्षी त्याला ऱ्हुमॅटिक फीवर झाला. या तापात हृदयाला इजा होऊ शकते. त्याच्या हृदयाला ती झाली आणि कायमची राहिली.

मधली वर्षं मी भराभर घेतो. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये शेक्सपिअर, १९७९ साली बीबीसीवर ‘रिबेका’चा नायक (आणि त्यात खाष्ट मिसेस डॅन्व्हर्स झाली होती ॲना मॅसी, म्हणजे त्याची घटस्फोटित बायको, हा योगायोग कुणी कादंबरीत लिहिला असता तर आपण नाकं मुरडली असती). मग लॉस एंजेलिसच्या रंगभूमीवर एका होम्स नाटकात तो चक्क वॉटसन झाला. समोर होम्स होता चार्ल्टन हेस्टन. एकूण काय, काम भरपूर, नाव बऱ्यापैकी, पण ‘हा म्हणजे अमुक’ अशी ओळख नाही. वय जवळपास पन्नास.

आणि तेव्हा मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनमधून मायकेल कॉक्स या निर्मात्याचं बोलावणं आलं. कॉक्सला मूळ कथांशी इमान राखणारा होम्स हवा होता. तोवर लोकांच्या मनात बेसिल रॅथबोनचे चित्रपट होते, आणि त्यातला वॉटसन म्हणजे निव्वळ विनोदी, धांदरट म्हातारा. कॉक्सने सिडनी पॅजेटची मूळ रेखाचित्रं समोर ठेवली, स्टुडिओच्या आवारात बेकर स्ट्रीट उभारली, आणि वॉटसनला त्याची अक्कल परत दिली. आधी डेव्हिड बर्क, नंतर एडवर्ड हार्डविक. माझं प्रामाणिक मत सांगू? या मालिकेचं निम्मं यश या दोन वॉटसनांचं आहे.

या चमूने होम्सच्या सवयींची एक ७७ पानी फाइलच बनवली होती. काय खातो, कसा बसतो, काय ओढतो, सगळं. ब्रेट सेटवर डॉयलची पुस्तकं घेऊन यायचा आणि पटकथा मूळ कथेपासून विनाकारण सरकली की दिग्दर्शकाशी भांडायचा. ज्यांनी भालबा केळकरांच्या अनुवादातून होम्स वाचलाय, त्यांना मालिका बघताना ‘अरे, हे तर पुस्तकातलंच!’ असं वाटतं ते याचमुळे. डॉयलने न लिहिलेलं होम्सचं बालपणसुद्धा त्याने मनाशी रचलं होतं, अगदी त्याला सांभाळणारी आया कशी दिसायची इथपर्यंत.

पहिला भाग एप्रिल १९८४ मध्ये दाखवला गेला. आता पुढचा क्रम नीट ऐका. १९८५च्या जुलैमध्ये त्याची दुसरी पत्नी जोन विल्सन कर्करोगाने गेली. अमेरिकेत पीबीएसवर ही मालिका ज्या ‘मिस्टरी!’ कार्यक्रमात दाखवली जायची, त्याची ती निर्माती. म्हणजे घर आणि काम दोन्हीकडचा आधार एकदम गेला. तरी तो चित्रीकरणाला परतला, आणि १९८६ साली कोसळला. रुग्णालयात निदान झालं, उन्माद आणि नैराश्य यांचे झोके देणारा आजार, ज्याला आज आपण बायपोलर म्हणतो. हा आजार भूमिकेतून लागत नाही, मंडळी. ताणाने, दुःखाने, झोप उडाल्याने तो उसळू शकतो, आणि इथे तिन्ही होतं.

मग लिथियम सुरू झालं. या औषधाने अनेकांना उभं केलंय, पण त्याचं वजन वाढलं, अंगात पाणी साठायला लागलं. तलवारीसारखा होम्स भागागणिक सुजत गेला. त्यात हृदय आधीच दुखावलेलं, आणि सिगरेटी अखंड चालू.

पण भूमिकेपुढे तो हतबल होता का? मला तर उलटं दिसतं. होम्स कोकेन घेतो आणि आपली मालिका मुलं आवडीने बघतात, हे त्याला खटकत होतं. म्हणून ‘द डेव्हिल्स फूट’मध्ये होम्स समुद्रकिनाऱ्यावर वाळूत सिरिंज पुरून टाकतो. हा प्रसंग डॉयलचा नाही. त्यासाठी त्याने डॉयलच्या मुलीची, डेम जीन यांची परवानगी घेतली होती. पुस्तकातल्या एकेका शब्दासाठी भांडणाऱ्या माणसाने जाणूनबुजून केलेला हा बदल आहे.

‘वेड्या होम्स’ची दंतकथा पसरायला मालिकाही थोडी जबाबदार आहे, असं मला वाटतं. १९९३ सालच्या ‘द एलिजिबल बॅचलर’मध्ये दोन तासांचा चित्रपट भरण्यासाठी एका छोट्या कथेला इतकं ताणलं की त्यात होम्सला भयानक स्वप्नंच पडायला लागली. डॉयलमध्ये हे नाही. पण ब्रेटच्या आजाराबद्दल ऐकलेल्या प्रेक्षकाला नट आणि पात्र एकच वाटणार, दुसरं काय होणार? १९९४च्या शेवटच्या मालिकेत तर तो इतका आजारी होता की ‘द मॅझरिन स्टोन’मध्ये होम्सचं काम त्याचा भाऊ मायक्रॉफ्टकडे सोपवावं लागलं. एकूण ४१ भाग झाले. १२ सप्टेंबर १९९५ रोजी लंडनच्या घरी तो झोपेतच गेला. कारण हृदय. वय ६१.

त्याच वर्षी, स्वतःची अवस्था एवढी वाईट असताना, त्याने बीबीसी रेडिओवरून या मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत करण्याचं आवाहन केलं होतं. तो काळ बघा. नामांकित नटाने आपला आजार नाव घेऊन सांगणं तेव्हा सोपं नव्हतं.

शेवटचे भाग मी शक्यतो पुन्हा बघत नाही, उगाच कशाला लपवू. तुम्ही सुरुवात करणार असाल तर पहिल्या मालिकेतला ‘द ब्लू कार्बंकल’ लावा. नाताळ, एक हंस, त्याच्या पोटात रत्न. आणि सोफ्यावरून एकदम उसळी मारून उठणारा ब्रेट.