परमिट हातात आल्याशिवाय खांबाला हात नाही

सकाळी ६. शाळेच्या वर्गातल्या सतरंज्या गुंडाळून आमची टोळी बाहेर. जून २०२०. ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढलं, ताशी ११० ते १२० किलोमीटर वाऱ्यानं. आम्ही देशावरून मदतीला आलेले वायरमन. मोबाईलला रेंज नाही, म्हणून आजचं काम काल रात्रीच कागदावर उतरवून घेतलेलं.

७.३०. वाडीत सुपारी-नारळ तारांवर आडवे. झाडाखाली दबलेली तार ताणलेली असते. खोड कापलं की ती उसळते. कापणारा सोडून बाकीचे लांब.

९.००. परमिट. लाईन बंद केल्याचा उपकेंद्राचा कागद. फोन लागत नाही, तेव्हा एकाला मोटारसायकलवर पिटाळलं. तोवर खोळंबा. गावकरी वैतागतात, ''अहो, आठवडा झाला लाईन मेलीय, परमिट कशाला?'' कागद आला तरी आम्ही डिस्चार्ज रॉड लावून तारा अर्थ करतोच. का, ते दुपारी दिसलं.

११.००. आत गाडी जात नाही. आठ मीटरचा सिमेंटचा खांब दोरखंड लावून माणसांनीच ओढला. खड्डा दीड मीटर हवा. वर माती, खाली जांभा. पहार टणकन उडते. त्यात पाऊस. खणलेल्यापेक्षा जास्त पाणी उपसलं. आळीतली पोरं मास्क हनुवटीवर ओढून दोर धरायला आली. त्यांच्याशिवाय हा खांब उभा राहिला नसता.

१.३०. एका काकूंनी तांदळाची भाकरी आणि सुकट दिलं. ''पोटभर जेवा रे बाबांनो.''

३.००. एका पडवीत जनरेटर धडधडत होता. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये.

''काका, मेन बंद केलाय ना?''

''तो कशाला? लाईट आलेली कळायला नको?''

डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, ११,००० व्होल्टचे ४३३ करते. घरातून वीज उलटी गेली, तर तीच डीपी तिचे हजारो व्होल्ट करून वरच्या तारेत सोडते. एरवी गावाचा भार पडून जनरेटर बसतो. तारा तुटलेल्या असल्या की तेवढाही भरवसा नाही. आमचा गडी तेव्हा खांबावर होता. अर्थिंग होतं म्हणून निभावलं. काकांना दाखवलं; त्यांनी मुकाट्यानं मेन पाडला.

६.३०. सगळे खाली उतरले, डोकी मोजली, अर्थिंग काढलं, परमिट परत केलं. मग लाईन चार्ज. वरच्या आळीत लाईट आली. खालची उद्या.

जनरेटर ठेवणाऱ्यांनी चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो नसेल तर भिंतीत वायर खुपसू नका. दिवा, चार्जर सरळ जनरेटरलाच जोडा. लाईट आल्याचं रस्त्यावरच्या दिव्यावरूनही कळतं.