विहिरीवरची ती बाई

‘देव सर्वांवर प्रेम करतो’ हे वाक्य इतक्यांदा कानांवर पडते की त्याचे काही वाटेनासे होते. मला ते उमगले पंडिता रमाबाईंच्या आत्मकथनातून. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना सिस्टर्स मायेने सांभाळत होत्या. ही माया येते कुठून, असे रमाबाईंनी विचारले. एका सिस्टरने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, आता भलत्याबरोबर राहणारी ती बाई भर दुपारी विहिरीवर येते आणि यहुदी येशू तिच्याकडे पाणी मागतो! (शोमरोन्याच्या हातचे पाणी, आपल्याकडे वेगळे सांगायला नको.) ‘आधी सुधार, मग बोलू’ अशी अट नाही. तिचे सारे ठाऊक असूनही तो बोलत राहतो.

त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण गंमत पाहा, आपल्याला धर्म सापडला, ख्रिस्त नव्हे, हे त्यांना आठ वर्षांनी जाणवले. शास्त्रार्थात पंडितांना जिंकणारी बाई. न कमावता मिळालेले घेणे तिला जडच गेले असणार, असे मला वाटते. पुढे केडगावला मुक्तिसदनात त्यांनी तशाच स्त्रियांसाठी वेगळे घर काढले. नाव ठेवले ‘कृपासदन’.